घाबरताय, पण भलत्याच गोळीला

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

“डॉक्टर, माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरलाय. कॅन्सर हॉस्पिटलने मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्यात, दर चार तासांनी एक. आई अर्धीच देते, तीही बाबा फारच कण्हायला लागले तर. बाबा स्वतःच म्हणतात, ‘म्हातारपणी मला गर्दुल्ला करू नका.’ पूर्वी ते प्यायचे, पंधराएक वर्षांपासून थेंब घेतलेला नाही. भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, ‘हे औषध घरात आणूच नका, इकडे माणसं पटापट मरतायत याने.’ मग आई तिच्या गुडघ्याच्या गोळीतली एक बाबांना देते. ती साधी आहे, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची. आई वर्षभर घेतेय, तिला काही झालं नाही. आधी दोन घ्यायची, आता चार लागतात, पण गोळी घेतली की कामाला हुरूप येतो म्हणते. मेडिकलवाला मुलगा घरी आणून देतो. मागे पाकीट संपलं तेव्हा मात्र तिला नेमकी सर्दी झाली, जांभया, पोट बिघडलं, गुडघे असे धरले की रात्रभर झोप नाही, झोपेची अर्धी गोळी घेऊनही नाही. तर मुख्य प्रश्न असा, की मॉर्फिनने बाबांना सवय लागेल का? आणि भावाला काय सांगू?
— क., सांगली जिल्हा”

प्रिय क.,

विचारलंय बाबांचं, म्हणून आधी त्यांचं सांगते. पण तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती आईच्या सर्दीपाशी. त्याकडे येतेच.

बाबांच्या डॉक्टरांना आज फोन करा आणि खरं काय ते सांगा: अर्धीच दिली, रोज किती वेळा दिली, मधून आईची गोळीही दिली. त्यांच्या कागदावर बाबा दिवसाला साठ मिलिग्रॅम मॉर्फिन घेतायत. पुढच्या खेपेला तुम्ही ‘दुखणं थांबत नाही’ म्हणालात, तर ते साठाचे नव्वद करतील. बाबांच्या पोटात मात्र वीसही जात नसेल. डोस नेमका कुठून सुरू करायचा ते त्यांना ठरवू द्या, आणि त्यांनी सांगितल्यावर मात्र तो पूर्ण द्या, घड्याळ बघून द्या. साध्या मॉर्फिनचा असर चारेक तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. दुखणं उसळल्यावर गोळी देणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करणं. तोंडावाटे घेतलेल्या गोळीला असर दाखवायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ माणूस तळमळतो, घाबरतो आणि पुढच्या वेळी आधीच गोळी मागायला लागतो. मग घरातले म्हणतात, ‘बघा, लागली सवय.’ ती सवय नसते. अपुऱ्या औषधाने माणसाला मागायला लावलेलं असतं. वेळेवर पूर्ण डोस मिळणारा रुग्ण सहसा गोळीचं नावही काढत नाही.

रात्री दोनला उठून गोळी द्यायची का, हा प्रश्न आईच्या मनात नक्की असणार. झोपताना एकदम मोठा डोस देऊन मधली खेप वगळता येते, किंवा बारा तास चालणारी गोळीही असते. डॉक्टरांना विचारा. बारा तासांची गोळी मात्र कधी तोडू किंवा कुटू नका, सगळं औषध एकदम बाहेर येतं. आणि मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जादाचा डोस किती, हेही लिहून घ्या. साधारणपणे दिवसभराच्या मॉर्फिनचा सहावा भाग असतो.

आता सवयीचं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. काही आठवडे मॉर्फिन घेतलं की शरीर त्याला सरावतं. अचानक बंद केलं तर त्रास होतो. हे बाबांना होणारच, जसं ते कोणालाही होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि स्टेरॉइडसुद्धा अशा झटक्यात बंद करता येत नाहीत. रेडिएशननंतर दुखणं कमी झालं, तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतील. हाडातल्या गाठींना एकाच बैठकीतल्या रेडिएशननेसुद्धा चांगला आराम पडतो, ते झालं नसेल तर विचारा. व्यसन म्हणजे दुखणं असो-नसो, त्या गोळीसाठी जीव कासावीस होणं, लपवाछपवी, नुकसान दिसत असूनही हात न थांबणं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या बाबांच्या वयाच्या माणसात हे क्वचित होतं. ‘कधीच नाही’ असं मी म्हणणार नाही. पूर्वी दारूचं व्यसन असेल तर धोका वाढतो, आणि भाऊ तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण म्हणून मॉर्फिन नाकारायचं नसतं. डॉक्टरांना दारूचं सांगायचं, थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या आणायच्या, डबा कुलपात ठेवायचा आणि गोळ्या मोजायचं काम एकाच माणसाकडे द्यायचं. पंधरा वर्षं दारूपासून लांब राहिलेल्या माणसाला कॅन्सरच्या कळा सोसायला लावून तुम्ही त्याचं व्यसनापासून रक्षण करत नाही. असह्य दुखणं हेसुद्धा माणसाला पुन्हा बाटलीकडे ढकलतंच.

बाबांचं ‘गर्दुल्ला’ हे बोलणं हसण्यावारी नेऊ नका. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाने ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या स्थानकांबाहेर गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नशेत पडलेली तरणी पोरं डोळ्यांनी पाहिलेली असणार. त्याच काळात, १९८६ मध्ये, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी अमली पदार्थांचा कायदा आला, तो इतका कडक की मॉर्फिन ठेवायला रुग्णालयाला एकाहून अधिक परवाने लागत, एकाची मुदत सुरू होईतो दुसऱ्याची संपे. परवान्याच्या कटकटीत बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिनच सोडलं. डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्या ते न वापरताच शिकल्या. गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की नीमच-मंदसौरच्या बाजूला, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, जिच्यापासून मॉर्फिन निघतं तीच, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि आपण ती परदेशी पाठवत आलो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेला हिशेब असा, की भारतात तीव्र वेदनांसाठी जेवढी अफूजन्य औषधं लागतात त्याच्या सुमारे ४ टक्केच पोचतात. संसदेने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं अत्यावश्यक ठरवली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना एका परवान्यात ती ठेवता येऊ लागली. बाबांच्या हातात ती गोळी पडली ती या सगळ्यातून वाट काढत. ती अर्धी तोडून डब्यात ठेवू नका, एवढंच म्हणणं आहे.

बाबांना सांगताना ‘सवय लागत नाही हो’ असं गुळमुळीत सांगू नका, ते ऐकणार नाहीत. ‘नशा करणारा माणूस दुनियेपासून लांब जायला घेतो, तुम्ही आमच्यात बसून चार घास जेवता यावेत म्हणून घेताय’ असं काहीतरी, तुमच्या भाषेत सांगा. आणि त्यांच्या मनात दुसरी एक भीती असेल, जी ते बोलणार नाहीत: मॉर्फिन दिलं म्हणजे आता संपत आलं. तसं नाही. मॉर्फिन दुखण्याच्या प्रमाणात दिलं जातं, उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात नव्हे. महिनोन्‌महिने ते घेऊन हिंडणारे-फिरणारे रुग्ण आहेत.

त्रास होतो तो असा. पहिले दोन-तीन दिवस गुंगी, काहींना मळमळ, मग ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिन सुरू त्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध रोज, ‘लागलं तर’ नव्हे. अनेक घरांत मॉर्फिन बंद पडतं ते व्यसनाच्या भीतीने नाही, चार दिवस शौचाला न झाल्यामुळे. किडनीचा रिपोर्ट अलीकडचा आहे ना, बघा. प्रोस्टेटच्या गाठीने लघवीची वाट दाबली जाऊ शकते, आणि किडनी मंदावली की मॉर्फिन अंगात साचतं. मग डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. बदलून फेंटानिलची पट्टी दिली तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध भराभर आत जातं. काढलेली पट्टीही चिकट बाजू आत दुमडून नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची, तिच्यात औषध उरलेलं असतं. बाबा हलवूनही जागे होत नसतील, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर १०८ ला फोन करा आणि मॉर्फिन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. यावर नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन आहे.

आणि मॉर्फिनशी संबंध नसलेली एक गोष्ट, कारण मणक्यात गाठी आहेत म्हणालात. पायातलं बळ एकाएकी गेलं, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल. मज्जारज्जू दाबला जात असेल तर तासांचा हिशेब असतो.

आता आई.

तुम्ही लिहिलंत, ‘तिला काही झालं नाही.’ मला दिसतं ते असं: दोनाच्या चार गोळ्या झाल्या. घेतल्यावर हुरूप येतो. पाकीट संपल्याबरोबर नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया, जुलाब, बेचैनी, झोप उडाली, आणि गुडघे नेहमीपेक्षा जास्त धरले. क., ती सर्दी नव्हती. ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनच्याच कुळातलं औषध आहे, आणि ते अचानक तुटल्यावर अगदी हेच होतं. आईने घरी आणलेला तोच ‘गर्द’ आहे असं मी म्हणत नाहीये, पण ज्या सवयीच्या भीतीने ती बाबांची गोळी अर्धी तोडते, ती सवय तिच्या शरीराला लागून बसली आहे, आणि त्या घरात कोणालाच ते माहीत नाही. तिलाही नाही.

फसगत कुठे होते बघा. गोळी चुकली की गुडघा ठणकतो, घेतली की थांबतो. यावरून कोणीही हेच म्हणेल की गुडघा वाईट आहे आणि गोळी गुणकारी आहे. पण त्या ठणक्यातला काही भाग गुडघ्याचा नसतोच, गोळी उतरत असल्याचा असतो. शिवाय महिनोन्‌महिने ही औषधं घेतली की काहींमध्ये शरीर दुखण्याला उलट जास्त हळवं होतं. म्हणून दोनाच्या चार. चारांच्या सहा व्हायला वेळ लागत नाही. कामाला येणाऱ्या हुरूपाचं कारणही गुडघ्यात नाही. ट्रॅमाडॉल मॉर्फिनसारखं काम करतंच, शिवाय मन उभारी धरण्याच्या काही औषधांसारखं मेंदूतल्या रसायनांवरही करतं. ज्या बाईचा नवरा कॅन्सरने झोपून आहे आणि जिला दिवसातून चार वेळा त्याला उचलून बसवायचंय, तिला ही उभारी हवीहवीशी वाटणं यात नवल नाही. तिला दोष देऊच नका. ‘व्यसन’ हा शब्द तिच्यासमोर काढायचीही घाई नको. शरीर सरावलंय हे नक्की, त्यापुढचं डॉक्टर बघतील.

धोके मात्र खरे आहेत. डोस वाढला की ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते. साधारणपणे दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं, पंचाहत्तरीच्या पुढे ३०० च्या, आणि काही औषधांसोबत तर याहून कमी डोसलाही झटका येऊ शकतो. नैराश्याच्या अनेक गोळ्यांशी त्याचं पटत नाही. साखर आणि सोडियम उतरू शकतं, वयस्क माणूस चक्कर येऊन पडतो, आणि मग आपण म्हणतो की गुडघ्याने दगा दिला. आईच्या गोळीत पॅरासिटामॉलही आहे. वर ताप-डोकेदुखीला वेगळी गोळी घेत असेल तर पॅरासिटामॉल दोन वाटांनी यकृतावर येतंय. आणि सगळ्यात वाईट जोडी म्हणजे ही गोळी आणि झोपेची गोळी. झोपेची बहुधा अल्प्राझोलाम किंवा तत्सम असेल. दोन्ही मिळून श्वास मंदावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या जोडीवर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. पण उद्यापासून झोपेची गोळीही झटकन काढून घेऊ नका, तिचीही शरीराला सवय झालेली असते. डॉक्टर एकेक उतरवतील.

आईचे गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन बघा. लाल चौकटीतला इशारा दिसेल, डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरं. २०१४ पासून ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये आहे: चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, विकलं की डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८ मध्ये तर ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. तुमचा मेडिकलवाला मुलगा चांगल्या मनाने करत असेल, पण तो जे करतोय त्याला कायद्यात जागा नाही. आणि ट्रॅमाडॉल बंद केलंत तर ‘ही घ्या काकू, ही हलकी’ म्हणून टॅपेंटाडॉल काढून देईल. ते हलकं नाही, त्याच कुळातलं आहे. भारतात बनलेल्या टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला त्यांचं उत्पादन आणि निर्यात थांबवावी लागली. आपल्याकडचा आकडाही लहान नाही. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत नशेसाठी अफूची बोंडं-गोळा घेणारे ०.५२ टक्के निघाले, आणि मेडिकलमधली या कुळातली औषधं घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. आई त्या नशेच्या हिशेबात बसत नाही. पण गोळी तीच, आणि वाटही मेडिकलमधूनच.

म्हणून भावाला काय सांगायचं? त्याची भीती खरी आहे म्हणून सांगा. फक्त तिचा पत्ता चुकलाय. अमेरिकेत जे झालं त्याची सुरुवात कॅन्सरच्या रुग्णांपासून झाली नाही. १९८० मध्ये तिथल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं, की रुग्णालयात भरती असताना ही औषधं मिळालेल्या सुमारे बारा हजार रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची. रुग्णालयातले रुग्ण, थोडे दिवस, नर्सच्या हातून गोळी. पण पुढे तेच पत्र शेकडो वेळा दाखवून सांगितलं गेलं की घरी बसून, कंबरेसाठी आणि गुडघ्यासाठी, कितीही दिवस घ्या. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे मॉर्फिनच्याच कुळातलं औषध बाजारात आलं ते याच जोरावर. २००७ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीच्या संलग्न कंपनीने, औषधाच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतर गोळ्या आवळल्या गेल्या तसे लोक हेरॉइनकडे वळले, आणि अलीकडचे बहुतेक मृत्यू बेकायदा बनवलेल्या फेंटानिलने झाले. म्हणजे भाऊ ज्याला घाबरतोय तो रुग्ण कोण? कॅन्सर नसलेला, जुनाट सांधेदुखीचा, ज्याची दहा दिवसांची चिठ्ठी वर्षभर चालत राहिली असा. तो रुग्ण स्वयंपाकघरात आहे. पुढच्या व्हिडिओ कॉलला त्याला बाबांची नव्हे, आईची गोळी दाखवा.

आणि इतकं करून या कुळातली औषधं गुडघ्याला तरी फार उपयोगी आहेत का? अमेरिकेतल्याच निवृत्त सैनिकांवर एक चांगला अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर, खुबा, गुडघा यांच्या जुनाट दुखण्याचे २४० रुग्ण, निम्म्यांना मॉर्फिनसारखी या कुळातली जोरदार औषधं, निम्म्यांना साधी वेदनाशामकं (त्यांनी भागलं नाही तरच, शेवटच्या पायरीला, काहींना ट्रॅमाडॉल), वर्षभर. हालचालीत फरक काहीच नाही. दुखणं तर साध्या औषधांपासून सुरुवात केलेल्या गटात किंचित कमीच.

आईची गोळी उद्या काढून घेऊ नका. हे मी पुन्हा सांगतेय कारण हे पत्र वाचून तुम्हाला पहिली ऊर्मी तीच येणार. लपवूही नका. सगळी पाकिटं, झोपेचीसुद्धा, पिशवीत घालून तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या, किंवा वेदनाचिकित्सेची ओपीडी जवळ असेल तर तिथे. त्यांनी ‘बंद करा’ एवढंच सांगितलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अशा गोळ्या उतरवणं हे त्यांचं रोजचं काम असतं, आणि गरज पडली तर त्यासाठी औषधंही असतात. वर्षभराच्या सवयीत महिन्याला दहाएक टक्के किंवा त्याहून हळू उतरणं शहाणपणाचं धरतात. म्हणजे चाराच्या शून्यावर यायला काही महिने लागतील, आणि मधे एखाद्या पायरीवर थांबावंही लागेल. आईला आधीच सांगून ठेवा: प्रत्येक पायरीला दोन-चार दिवस नाक, जांभया आणि गुडघा तिघेही तक्रार करतील, आणि ते उतरतं. हे माहीत असलेली बाई सोसते, माहीत नसलेली मेडिकलला फोन करते. सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे. तिथे फोन करायला व्यसनी असावं लागत नाही, तुम्हीही करू शकता.

गोळी उतरवताना गुडघ्यासाठी काहीतरी हातात द्यायला हवं, नुसतं काढून घेऊन चालत नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करायचे. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं यापासून सुरुवात होते आणि ते रेडिओ ऐकताही होतं. दुखणाऱ्या गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम. काठी, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. जवळजवळ सगळे उलट धरतात. बसून उठायची पाळी कमी करा, भारतीय पद्धतीच्या संडासावर खुर्ची मिळते. गुडघा फारच झिजला असेल तर बदलण्याचा विचार, इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. पण या सगळ्याआधी बाबांना उचलायला दुसरा माणूस. चौसष्ट-पासष्टची बाई सत्तर किलोच्या माणसाला दिवसातून चार वेळा ओढत असेल तर कुठलीही गोळी पुरणार नाही. सकाळ-संध्याकाळ तासभर येणारा मदतनीस मिळवा. भावाला काही पाठवायचं असेल, तर त्याला हा खर्च सांगा.

आईने बाबांना स्वतःची गोळी देणं आजच बंद. मॉर्फिन चालू असताना ट्रॅमाडॉलची वर भर घालण्यात अर्थ नाही, ते ताकदीने कमी, त्याला डोसची मर्यादा आणि फिटचा धोका वेगळा. आईच्या नजरेत एक कॅन्सरची भयंकर गोळी आहे आणि एक गुडघ्याची साधी. दोघींचं कूळ एकच आहे हे तिला सांगाल तेव्हा ती दचकेल. त्या दचकण्यानंतर लगेच बाबांची गोळीही बंद करायला निघेल, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगू नका. बाबांचं दुखणं आटोक्यात येऊ दे, ते रात्रभर झोपले आणि सकाळी पेपर मागायला लागले हे तिने बघू दे. मग तिच्या गोळीचं काढा. त्यात आठ-दहा दिवस गेले तर चालतील, फक्त तेवढ्यात चाराच्या पाच होत नाहीत ना आणि झोपेची गोळी वाढत नाही ना, यावर लक्ष ठेवा.

मॉर्फिन देणाऱ्या हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याचं काम करणारा, विभाग असेल तर त्यांची घरी येणारी टीम आहे का, विचारा. तुमच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात असा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. लांब पडलं तरी फोनवर डोस विचारायला अशी एक जागा असणं फार उपयोगाचं असतं. उरलेलं मॉर्फिन कचऱ्यात किंवा शेजारच्या गरजूला नाही, जिथून आणलं तिथेच परत.

एक राहिलं. रात्री-अपरात्री बाबांचं दुखणं उसळलं की तुम्ही गावातल्या डॉक्टरांना बोलावणार, आणि आपल्याकडे अशा वेळी पेंटाझोसिनचं इंजेक्शन द्यायची जुनी पद्धत आहे. एरवी ठीक. पण मॉर्फिनवर असलेल्या माणसाला ते दिलं तर ते मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावतं. दुखणं थांबायच्या ऐवजी वाढतं, घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. म्हणून त्या डॉक्टरांना आधीच, दिवसाउजेडी जाऊन भेटा, कॅन्सर हॉस्पिटलचा कागद दाखवा, जादाचा डोस कोणता द्यायचा ते त्यांनाही माहीत असू द्या. आणि बाबांच्या फाइलवर, वरच्याच पानावर, जाड अक्षरात लिहून ठेवा: ‘मॉर्फिन चालू आहे. पेंटाझोसिन देऊ नये.’ त्याखाली शेवटची गोळी किती वाजता दिली ती वेळ, रोजच्या रोज.